पोल्ट्रीचं शेड कुठं टिकतं, कुठं नाही? गावाकडच्या व्यावसायिक कुक्कुटपालनाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं सिन्नर तालुक्यात पाच हजार पक्ष्यांचं ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठीच्या कोंबड्यांचं, शेड आहे. त्यामुळे नातेवाइकांचे, ओळखीच्यांचे फोन येतात: "शेड टाकायचं म्हणतोय, परवडेल का?" मी आधी विचारतो, गाव कुठलं? पुष्कळांना हा प्रश्न आडवळणाचा वाटतो. त्यांना अनुदान, कर्ज आणि किलोमागचा नफा याबद्दल बोलायचं असतं. पण चांगली कष्टाळू माणसं नुसत्या चुकीच्या जागेमुळे बुडालेली मी पाहिली आहेत. म्हणून नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची माझ्या समजुतीप्रमाणे उत्तरं इथं एकत्र लिहून ठेवतो आहे.

देशात सर्वात जास्त कोंबड्या कुठं आहेत?

2019 च्या विसाव्या पशुगणनेप्रमाणे तमिळनाडूत, 12.08 कोटी. मग आंध्र प्रदेश 10.79 कोटी, तेलंगणा 8 कोटी, पश्चिम बंगाल 7.73 कोटी आणि पाचव्या क्रमांकावर आपला महाराष्ट्र, 7.43 कोटी. देशाचा आकडा 85.18 कोटी. म्हणजे निम्म्याहून जास्त पक्षी या पाच राज्यांत आहेत. 2012 च्या गणनेत महाराष्ट्रात 7.78 कोटी पक्षी होते. देशाचा आकडा जवळजवळ 17 टक्क्यांनी वाढला, त्या सात वर्षांत आपला कमी झाला.

हे सगळे पक्षी फार्मवरचेच का?

नाही, आणि इथंच बरेच जण फसतात. 85 कोटींपैकी साधारण 53.5 कोटी पक्षी व्यावसायिक फार्मवरचे होते आणि 31.7 कोटी घराच्या परसातले. 2012 ते 2019 मध्ये परसातले पक्षी जवळपास 46 टक्क्यांनी वाढले, फार्मवरचे फक्त साडेचार टक्क्यांनी. आसाममध्ये 4.67 कोटी पक्षी आहेत, हा आकडा हरियाणाच्या 4.63 कोटींपेक्षा थोडा जास्तच. पण आसाममधले पक्षी मुख्यतः अंगणात दाणे टिपणारे, तर हरियाणात पंचकुल्याजवळच्या बरवाला पट्ट्यात एकेका फार्मवर हजारो लेअर, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्या. दोन्ही राज्यांचा आकडा सारखा, धंदा मात्र अगदी वेगळा. त्यामुळे राज्यांची क्रमवारी पाहून धंद्याचा अंदाज बांधू नका.

ब्रॉयलर एका भागात आणि अंड्यांच्या कोंबड्या दुसऱ्या भागात, असं का?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, पण सगळ्या नकाशाची किल्ली यातच आहे. म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

दहा हजार ब्रॉयलरची एक बॅच घ्या. सव्वादोन किलोच्या आसपास वजन भरेपर्यंत एक पक्षी साडेतीन किलोच्या घरात खाद्य खातो. म्हणजे शेडवर 35 टन खाद्य येतं आणि 22 टन जिवंत पक्षी बाहेर जातात. खाद्याचं पोतं शंभर किलोमीटर गेलं तरी पोतंच राहतं. पक्ष्याचं तसं नाही. क्रेटमध्ये भरल्यापासून त्याचं वजन घटत जातं, उन्हात गाडी अडकली तर मर होते. आपल्याकडे अजूनही बहुतेक गिऱ्हाइकाला कोंबडी डोळ्यांसमोर कापून हवी असते, त्यामुळे पक्षी जिवंतच दुकानापर्यंत पोचवावा लागतो. रात्री लिफ्टिंग, म्हणजे शेडवरून पक्षी उचलणं, पहाटे दुकान. एका रात्रीत गाडी जिथवर पोचते, तिथवरच ब्रॉयलरचं शेड परवडतं. म्हणून ब्रॉयलर मोठ्या शहराच्या भोवती आढळतात.

अंड्याचं गणित उलटं आहे. लेअर कोंबडी दिवसाला 110 ग्रॅमच्या आसपास खाते आणि तिचं अंडं 55 ग्रॅमचं. पन्नास हजार पक्ष्यांच्या फार्मवर रोज साडेपाच टन खाद्य लागतं आणि अडीच टनांपेक्षा कमी माल बाहेर जातो. अंडं ट्रेमध्ये नीट बसवलं तर थंड गाडी न लावता दोन-तीन दिवसांचा प्रवास सोसतं. त्याचं वजन घटत नाही, ते मरत नाही. मग फार्म गिऱ्हाइकाजवळ ठेवण्यापेक्षा खाद्य स्वस्त पडेल किंवा वाहतूक स्वस्त पडेल तिथं ठेवलेला बरा. शेकडो किलोमीटरवरचं अंडं मुंबईत विकलं जातं ते यामुळे.

खाद्याचा खर्च एकूण खर्चाच्या दोन तृतीयांशाच्या पुढं जातो. त्यामुळे वाहतुकीत किलोमागे रुपया-दोन रुपये जास्त गेले, तरी वर्षाच्या हिशेबात शेतकऱ्याच्या हातात काही उरत नाही.

नामक्कलमध्ये एवढी अंडी का?

तमिळनाडूतल्या नामक्कलला अंड्यांचं गाव म्हणतात, पण त्या गावाची आणखी एक ओळख आहे: ट्रक. ट्रकच्या बॉडी बांधण्याचा धंदा तिथं मोठा आहे आणि ट्रकमालकही भरपूर. कोरडा भाग, शेतीला पाणी बेताचं, हाताशी गाड्या आणि गाडी कुठंही न्यायची सवय. मका बाहेरून आणायचा आणि अंडी केरळला, बंदरांकडे आणि तिथून आखाती देशांत पाठवायची, हे त्यांना सोपं गेलं. शिवाय तमिळनाडूत शाळेच्या पोषण आहारात मुलांना आठवड्याचे पाच दिवस अंडं मिळतं, त्यामुळे घराजवळ ठरलेलं गिऱ्हाईकही मिळालं.

आंध्रात गोदावरी आणि कृष्णेच्या खोऱ्यात कारण वेगळं. तिथं भाताच्या गिरण्यांचा कोंडा, कणी आणि मका हाताशी असतो, बागायतीतला पैसाही असतो. तणुकूच्या आसपासची अंडी वर्षानुवर्षं बंगाल, बिहार, आसामला जात आली. 2023-24 मध्ये देशात 14,277 कोटी अंडी झाली, त्यातली 17.85 टक्के एकट्या आंध्रात.

ब्रॉयलरची गोष्ट कोईम्बतूरच्या बाजूची. 1990 च्या सुमारास उडुमलपेटच्या सुगुणा कंपनीने शेतकऱ्याला पिल्लू, खाद्य, औषध देऊन फक्त वाढवण्याचे पैसे द्यायची पद्धत आणली. पल्लडम-उडुमलपेटच्या कोरडवाहू गावांतून ती देशभर पसरली. आज आपल्याकडचे बहुतेक छोटे शेडवाले याच पद्धतीने काम करतात.

महाराष्ट्रात पोल्ट्री कुठं कुठं आहे?

ब्रॉयलरसाठी मुंबई आणि पुणे मध्ये धरून नकाशावर एक कडं काढा. त्यात रायगडमधले अलिबाग, पेण, कर्जत, खालापूर येतात. ठाण्याचा ग्रामीण भाग, पुण्यातले मावळ, मुळशी, दौंड, नाशिकमधले सिन्नर, दिंडोरी, इगतपुरी आणि नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले संगमनेर, अकोले, पारनेर येतात. आमच्या भागातून संध्याकाळी भरलेली गाडी पहाटेच्या आत मुंबईत असते. विदर्भात नागपूर आणि अमरावतीभोवती असंच छोटं कडं आहे.

अंड्यांसाठी सांगली जिल्ह्यातलं विटा, म्हणजे खानापूर तालुका, आणि नंदुरबारमधलं नवापूर ही नावं आधी येतात. विट्याचं मला विशेष कौतुक आहे. हा अस्सल दुष्काळी भाग. सोन्या-चांदीच्या गलाई (वितळवून शुद्ध करण्याच्या) कामासाठी इथली माणसं देशभर गेली. जमिनीच्या भरवशावर राहायचं नाही, हे या भागाला लवकर उमगलं. लेअरला बागायती लागत नाही. पिण्यापुरतं चांगलं पाणी, कोरडी हवा आणि रोजच्या रोज हिशेब ठेवणारं माणूस लागतं.

आणि पुण्याचं महत्त्व शेडपुरतं नाही. देशातल्या आधुनिक पोल्ट्रीचे जनक मानले जाणारे डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 मध्ये हैदराबादला वेंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली, पुढं या समूहाचं मुख्य ठाणं पुणे झालं. अंड्याचे भाव कोसळून शेतकरी मोडकळीला आले तेव्हा, 1982 मध्ये, त्यांच्याच पुढाकाराने राष्ट्रीय अंडी समन्वय समिती उभी राहिली. अंड्याचा शेकड्याचा दर रोज जाहीर होतो तो या समितीचा. जिथं हॅचरी, खाद्याची गिरणी आणि डॉक्टर असतात, तिथं शेड वाढतात. पुण्याभोवती हे सगळं लवकर आलं.

नवापूरसारख्या आडबाजूच्या आदिवासी तालुक्यात इतकी पोल्ट्री कशी?

आडबाजू आपल्याला वाटते, कारण आपण मुंबईहून बघतो. नवापूर गुजरातच्या सीमेला अगदी चिकटून आहे. त्याच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. सुरत-धुळे महामार्ग गावावरून जातो आणि सुरतची बाजारपेठ दोन-तीन तासांवर आहे. त्या हिशेबाने नवापूर मोक्याच्या जागी आहे.

पण एकाच तालुक्यात फार्म खेटून उभे राहिले की काय होतं, तेही नवापूरनेच दाखवलं. फेब्रुवारी 2006 मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू इथं निघाला. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि लाखो पक्षी मारून पुरावे लागले. लोकांनी कष्टाने पुन्हा उभारणी केली. फेब्रुवारी 2021 मध्ये तो पुन्हा आला आणि पुन्हा लाखो पक्षी गेले. ज्यांनी स्वतःच्या हातांनी खड्डे भरले त्यांच्याशी मी बोललो आहे. दुसऱ्या वेळेस उभं राहणं पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड होतं, असं ते सांगतात.

जवळच्या फार्मवर बर्ड फ्लू निघाला तर माझ्या पक्ष्यांचं काय?

रोग निघालेल्या जागेपासून एक किलोमीटरच्या आतले पक्षी मारले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंत देखरेख लागते. वाहतूक, विक्री यांवर बंधनं येतात. सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्यांची भरपाई मिळते. रोगाने आधीच मेलेल्यांची नाही. म्हणून मर अचानक वाढली तर लपवू नका, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. लपवण्यात तुमचंही नुकसान आणि शेजाऱ्याचंही. शेडची जागा निवडतानाच दुसऱ्या फार्मपासून शक्य तितकं लांब राहा. धरणाजवळ, पाणथळ जागी जिथं स्थलांतरित पक्षी उतरतात तिथं जाळी, पाणी आणि पायधुणी यांत जास्तच काळजी घ्या.

मका आणि सोयाबीन आमच्या मराठवाड्यात, विदर्भात पिकतं. मग शेड पुण्या-नाशिकला का?

हा प्रश्न विचारताना माणसाच्या आवाजात राग असतो आणि तो राग मला पटतो. लातूरचं सोयाबीन तेलगिरणीत जातं, त्याची पेंड खाद्याच्या गिरणीत जाते, ते खाद्य आमच्या शेडवर येतं. मधला सगळा रोजगार दुसऱ्यांच्या गावात.

ब्रॉयलरसाठी कारण वर सांगितलं: खाणारं शहर लांब. नांदेड, लातूर, परभणी इथली मागणी आहे, पण मुंबईसारखी नाही, आणि हैदराबादच्या बाजूचा माल तिथवर सहज येतो. दुसरं कारण उन्हाळा आणि पाणी. शेवटच्या आठवड्यात पाच हजार पक्षी दिवसाला दीड-दोन हजार लिटर पाणी पितात, एप्रिल-मेमध्ये त्याहून जास्त, शिवाय गारव्यासाठी पाण्याचे फवारे (फॉगर). ज्या गावात मार्चपासून टँकर येतो तिथं हे पाणी कुठून आणणार?

अंड्यांसाठी मात्र हे कारण पुरत नाही. दाणे जवळ असले की लेअर परवडावी, असा माझाच वरचा हिशेब सांगतो. तरी मराठवाड्यात लेअर कमी आहे, याचं कारण मला भांडवलात दिसतं. पिल्लू आणल्यापासून पहिलं अंडं हाती येईपर्यंत अठरा-वीस आठवडे नुसता खर्च. पिंजरे, शेड, खाद्य सगळं आधी. सोयाबीनवर जगणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला एवढं थांबू देणारं कर्ज वेळेवर मिळत नाही. राज्याने पैसा लावायचाच असेल तर इथं लावावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

दाण्याच्या भावाचाही विचार करा. 2021 च्या उन्हाळ्यानंतर सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या जवळ गेलं, तेव्हा पोल्ट्रीवाल्यांच्या मागणीवरून केंद्राने ऑगस्टमध्ये 12 लाख टन सोयापेंड आयातीला परवानगी दिली. सोयाबीन उत्पादक चिडले आणि त्यांचं चुकलं नाही. आता मका इथेनॉलकडेही जातो. आमच्याकडे एकाच घरात एक भाऊ मका पिकवतो आणि दुसरा पक्षी सांभाळतो. भाव वाढला की एकाचं साधतं, दुसऱ्याचं बिघडतं.

कंपनीचे पक्षी घेतले तर गाव लांब असलं तरी चालतं ना?

चांगल्या दिवसांत चालतं. करार पद्धतीत पिल्लू, खाद्य, औषध कंपनीचं. शेड, तूस, वीज, पाणी, मजुरी आपली. माल गेला की वजन, मर आणि खाद्याचा हिशेब बघून किलोमागे ग्रोइंग चार्ज, म्हणजे वाढवण्याचा मोबदला, मिळतो. भाव पडला तरी तोटा कंपनीचा, असं सांगितलं जातं आणि कागदावर ते खरंही आहे.

पण भाव पडला की कंपनी पिल्लं कमी टाकते. कमी टाकताना आधी कुणाला वगळणार? खाद्याच्या गिरणीपासून आणि बाजारापासून जो लांब आहे त्याला. माझ्या मावसभावाने बीड जिल्ह्यात आतल्या गावात कर्ज काढून शेड बांधलं. पहिल्या वर्षी पाच बॅच मिळाल्या. दुसऱ्या वर्षी तीन. नंतर सुपरवायझर फोन उचलेना. शेड चांगलं होतं, भाऊ रात्र रात्र ब्रुडिंगला, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायला, जागणारा होता, त्याची मर आमच्यापेक्षा कमी होती. तरी बँकेचा हप्ता काही थांबला नाही. आज त्या शेडमध्ये तो कांदा ठेवतो. त्याच्या कष्टात कुठंही खोट नव्हती, हे मला लिहून ठेवायचंच होतं.

मुंबई-पुण्यात अंडी परराज्यांतून का येतात?

कारण आपण खातो तेवढी पिकवत नाही. अंड्यांच्या उत्पादनात 2023-24 मध्ये पहिली पाच राज्यं आंध्र, तमिळनाडू, तेलंगणा, बंगाल आणि कर्नाटक. महाराष्ट्र त्यात नाही, पण त्याच वर्षी सगळं मांस मिळून राज्य देशात तिसरं होतं. हैदराबादकडून आणि कर्नाटकातल्या होस्पेटकडून अंड्यांच्या गाड्या रोज येतात. नोव्हेंबर 2023 मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं. जानेवारी 2025 मध्ये सरकारने त्याचा निधी बंद केला. मुलांच्या तोंडचा घास गेलाच, शिवाय गावोगावच्या छोट्या अंडी उत्पादकाला मिळू शकणारं ठरलेलं गिऱ्हाईकही गेलं. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

हवामान कुठलं चांगलं?

कोकणात पावसाळ्यात लिटर, म्हणजे शेडमधलं तुसाचं अंथरूण, ओलं होतं, अमोनिया वाढतो, पिल्लांना रक्ती हगवण लागते. तूस सारखं पालटावं लागतं. विदर्भात मे महिन्यात पारा 45 च्या पुढं गेला की पूर्ण वाढलेल्या पक्ष्यांची दुपारी मर होते. घाटमाथ्याच्या पूर्वेकडचा कोरडा, मध्यम पट्टा दोन्हींच्या मानाने बरा. शेडची लांबी सगळीकडे पूर्व-पश्चिमच ठेवा, म्हणजे ऊन आत शिरत नाही.

श्रावणात काय होतं?

गटारीपर्यंत मागणी, मग उतार. आमच्याकडे श्रावणात आणि नवरात्रात रिकाम्या शेडची धुलाई, चुना मारणं उरकून घेतात. हैदराबाद किंवा गोव्याच्या बाजाराशी जोडलेल्या शेडला हा उतार कमी जाणवतो. गोव्यात स्वतःचे पक्षी थोडे, बराच माल बेळगाव आणि कोल्हापूरच्या बाजूने चढतो. त्यामुळे चंदगड, आजऱ्याकडच्या शेडवाल्यांनी पुण्यापेक्षा गोव्याकडे बघावं.

अनुदान किती मिळतं?

राष्ट्रीय पशुधन अभियानातलं 50 टक्के, कमाल 25 लाखांचं अनुदान सगळ्यांच्या तोंडी असतं. ते साध्या ब्रॉयलर शेडसाठी नाही. कमी खर्चात वाढणाऱ्या, परसातल्या जातींच्या मातृपक्ष्यांचा फार्म, उबवणी आणि पिल्लं वाढवून देण्यासाठी ते आहे. एजंट याच्या नावावर पैसे घेतात, सावध राहा. जुलै 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पशुसंवर्धनाला कृषी समकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यात 25 हजारांपर्यंत ब्रॉयलर आणि 50 हजारांपर्यंत लेअर धरले आहेत. वीजदर आणि ग्रामपंचायतीचा कर यांत त्याचा उपयोग व्हायला हवा. आपल्या महावितरण कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत लेखी अर्ज देऊन ठेवा.

शहर लांब असेल तर गावरान किंवा कडकनाथ करावं का?

लांबच्या गावाला हा मार्ग खरोखर बरा आहे, कारण गावरान पक्षी जास्त दिवस टिकतो, आठवडी बाजारात जिवंत विकता येतो आणि एकदम सगळे काढावे लागत नाहीत. गिरिराज, वनराज, ग्रामप्रिया, कावेरी या जाती परसात चांगल्या वाढतात. पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर इथल्या शासनाच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांत पिल्लांची चौकशी करा. कडकनाथ मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआची, 2018 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पक्षी उत्तम. पण "अंडी आम्ही परत घेऊ" म्हणणाऱ्या योजनेत पैसे गुंतवू नका. सांगली जिल्ह्यातून सुरू झालेल्या अशाच एका योजनेत 2019 मध्ये राज्यभरातल्या शेतकऱ्यांचे पैसे अडकले. शंभर पक्ष्यांनी सुरुवात करा, स्वतःच्या आठवडी बाजारात विकून बघा.

शेड बांधण्याआधी आमचं गाव बसतं की नाही, हे कसं तपासू?

मोटरसायकल काढा. सर्वात जवळची चालू खाद्य गिरणी आणि हॅचरी किती किलोमीटरवर, ते स्वतः जाऊन बघा. तुमच्या तालुक्यातल्या तीन शेडवाल्यांना भेटा आणि गेल्या वर्षी किती बॅच मिळाल्या, दोन बॅचमध्ये गॅप किती पडला, एवढंच विचारा. नफा विचारू नका, तो कुणी खरा सांगत नाही. एखादं रिकामं शेड दिसलं तर त्याच्या मालकाकडे चहा प्यायला थांबा. मे महिन्यात विहिरीला पाणी किती असतं ते आईला विचारा. पावसाळ्यात खाद्याचा ट्रक शेडच्या दारापर्यंत येतो का, ते जुलैत चालत जाऊन बघा. वारा कुठून वाहतो आणि वस्ती कुठल्या बाजूला आहे तेही पाहा, म्हणजे पुढं वासावरून आणि माश्यांवरून भांडणं होत नाहीत. जास्त पक्षी ठेवणार असाल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते का, तेही मंडळाकडे विचारून घ्या. हे सगळं झालं की मला फोन करा, मग कर्जाचं बोलू.